शालेय वाद्यवृंदात तंतुवाद्ये शिकवताना : आधी गज, मग बोटे

शालेय वाद्यवृंदाचा तंतुवाद्यांचा वर्ग मी पहिल्यांदा हाती घेतला, तेव्हा माझे स्वतःचे शिक्षण केवळ व्हायोलिनचे झालेले होते आणि समोर व्हायोलिन, व्हायोला, चेलो व डबल बास अशी चार वाद्ये घेऊन बावीस मुले बसली होती. तीन महिन्यांवर पहिला कार्यक्रम आला होता. त्या घाईत मी एकच काम केले : कोणत्या स्वराला कोणते बोट, हे मुलांच्या डोक्यात पक्के बसवले. कार्यक्रमात बहुतेक स्वर आपापल्या जागी आले, परंतु एकूण आवाज बारीक आणि खरखरीत होता. त्यानंतर मी एकेका मुलाचा उजवा हात पाहिला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचा अंगठा ताठ आणि मनगट आखडलेले आढळले. तीन महिन्यांत जडलेली ती सवय सोडवण्यासाठी मला पुढचे संपूर्ण वर्ष द्यावे लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या शिक्षकांना मी जे सांगणार आहे, ते मुख्यतः त्या वर्षाने शिकवलेले आहे.

तंतुवाद्याचा आवाज उजव्या हातात असतो. राळ लावलेले गजाचे केस तारेला पकडून थोडे ओढतात, तार निसटून मागे येते आणि केस तिला पुन्हा पकडतात. व्हायोलिनच्या मोकळ्या ए तारेवर ही पकड आणि सुटका सेकंदाला 440 वेळा घडते. तारेची ही विशिष्ट हालचाल हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात उलगडून दाखवली. मुलांना तिचे गणित सांगण्याची गरज नाही. मात्र गजाचा वेग, तारेवर येणारे वजन आणि घोडीपासूनचे, म्हणजे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्यापासूनचे, अंतर या तीन गोष्टींचा मेळ बसला तरच ही पकड नियमित राहते, हे त्यांना कानांनी कळले पाहिजे. म्हणून मी एकाच मोकळ्या तारेवर मुद्दाम बिघडवलेले आवाज काढायला लावते. फार सावकाश आणि फार जड गज चालवला की करकर ऐकू येते, फार वेगाने आणि हलका चालवला की नुसती हवा वाहिल्यासारखे वाटते. बिघाड स्वतः घडवून आणता आला की तो दुरुस्त करण्याची वाट मुलाला आपोआप सापडते. ‘दाबा’ हा शब्द मी वर्गात वापरत नाही, कारण तो ऐकताच मुले मूठ आवळतात. ‘हाताचे वजन तारेवर सोडा’ असे म्हटले की खांदा सैल होतो.

गज धरण्याचे शिक्षण मी वाद्याविना, पेन्सिलीवर सुरू करते. अंगठ्याचा सांधा बाहेरच्या बाजूला वळलेला असावा आणि व्हायोलिन व व्हायोला वाजवणाऱ्यांची करंगळी वाकून काठीच्या माथ्यावर टेकलेली असावी. चेलोवर मात्र हात थोडा वेगळा बसतो आणि करंगळी काठीच्या बाजूने खाली येते. पकड योग्य आहे की नाही, हे नुसते पाहून नेहमी कळत नाही. मी मुलांना एकेक बोट उचलून पुन्हा ठेवायला सांगते, आणि ज्याचा गज त्या वेळी डळमळत नाही व ज्याचा अंगठाही पांढरा पडत नाही, त्याची पकड ठीक आहे असे समजते. खरा गज हाती दिल्यावर सुरुवात त्याच्या मध्यभागी, वीतभर लांबीत करावी. तेथे काठीचे वजन सांभाळण्याचे कष्ट कमी असतात, आणि कोपर उघडण्या-मिटण्याची हालचाल स्वच्छ झाली की ती लांबी दोन्ही टोकांकडे हळूहळू वाढवता येते. हंगेरीत जन्मलेले व्हायोलिनशिक्षक पॉल रोलंड यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात इलिनॉय विद्यापीठात नवशिक्या मुलांच्या हालचालींवर प्रदीर्घ काम केले. वादनात सारे शरीर सामील असते आणि स्नायूंवरचा अनावश्यक ताण पहिल्या दिवसापासून टाळता येतो, हा त्यांचा आग्रह मोठ्या वर्गासाठी मला फार मोलाचा वाटतो. बावीस मुलांचे आखडलेले हात नंतर एकेक करून मोकळे करण्याइतका वेळ कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नसतो.

चार वाद्ये एकत्र शिकवताना सर्वाधिक गोंधळ बोटांच्या क्रमांकांमुळे होतो. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई अशा असतात. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए, फक्त चेलो एका सप्तकाने खाली. आणि डबल बासच्या ई, ए, डी, जी. पहिल्या तीन वाद्यांत शेजारच्या तारांमधील अंतर पाच स्वरांचे असते, बासमध्ये चार स्वरांचे. डी ही तार चौघांकडेही असल्यामुळे बहुतेक प्रारंभिक अभ्यासक्रम डी मेजरने, म्हणजे डी या स्वरापासून सुरू होणाऱ्या मेजर स्वरमालिकेने, सुरू होतात आणि ते योग्यच आहे. परंतु डी तारेवर ‘तिसरे बोट’ म्हटले की व्हायोलिन आणि व्हायोला जी वाजवतात, तर चेलोकडून एफ शार्प येतो, आणि बासवाला गोंधळून पाहत राहतो, कारण खालच्या पोझिशनमध्ये (पोझिशन म्हणजे तारेवर डाव्या हाताची जागा) त्याचे तिसरे बोट बहुधा चौथ्याला आधार देण्यापुरतेच असते. म्हणून संपूर्ण वर्गाशी बोलताना स्वराचे नाव घ्यावे, बोटाचा क्रमांक घेऊ नये. पियानो शिकलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते : पियानोवर अंगठा पहिला असतो, इथे तर्जनी पहिली.

बासच्या विद्यार्थ्यांविषयी थोडे अधिक लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण वर्गात त्यांच्यावर नकळत अन्याय होतो. व्हायोलिनवाल्यांना डी मेजरची आरोही हात न हलवता, दोन तारांवर, एकाच साच्याने वाजवता येते. बासवाल्याला तीच आरोही वाजवताना शेवटच्या सी शार्प आणि डी या स्वरांसाठी जी तारेवर हात वर सरकवावा लागतो. म्हणजे इतरांना पुष्कळ उशिरा येणारे पोझिशन बदलण्याचे तंत्र त्याच्या वाट्याला पहिल्याच काही आठवड्यांत येते. त्याला मागे पडलेला समजण्याऐवजी, अंगठा हाताबरोबर सरकला पाहिजे आणि सरकताना बोटाचा भार हलका झाला पाहिजे, हे त्याला वेगळा वेळ काढून शिकवावे. नोकरी लागण्याआधीच्या सुटीत मी चेलो आणि बास दोन्ही भाड्याने आणून रोज वाजवायला हवे होते. ते मी दुसऱ्या वर्षी केले, आणि जाड तार दाबताना बोटांना काय सोसावे लागते ते कळल्यावर माझ्या सूचनाच बदलल्या.

वाद्याच्या मापाबाबत तडजोड करू नये. कपडे घेताना वाढत्या मापाचे घेतले जातात, तसे व्हायोलिन घेतले तर डावा हात ताणला जाऊन खांदा वर चढतो. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात लांब केल्यावर त्याचे टोक तळहातात सहज मावले आणि कोपर किंचित वाकलेले राहिले, तर माप बरोबर आहे. चेलोसाठी खुर्ची मागे कललेली नसावी, पावले जमिनीला पूर्ण टेकलेली असावीत.

बावीस वाद्यांच्या अठ्ठ्याऐंशी तारा जुळवण्यात सुरुवातीला माझी अर्धी तासिका जाई. पुढे मी क्रम बदलला. मुले खोलीत येतील तशी एकेकाचे वाद्य मी जुळवते, आणि बाकीची मुले तोपर्यंत गजाचे मूक व्यायाम करतात. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची असते, हे मात्र मी पहिल्या वर्षी मुलांच्या हाती देत नाही. बारीक फरक शेपटीजवळच्या फाइन ट्यूनरने काढायला त्यांना लवकर शिकवते.

सुरांच्या जागा दाखवण्यासाठी फिंगरबोर्डवर, म्हणजे ज्या फळीवर बोटांनी तार दाबतात तिच्यावर, पट्ट्या चिकटवाव्यात की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी चिकटवते, पण त्या काढण्याची तारीख आधीच ठरवते, कारण डोळ्यांना सवय लागली की कान आळशी होतात. पट्टीची जागा घेणारा खरा शिक्षक वाद्यातच आहे. व्हायोलिनच्या डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी नेमका लागला की शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते, आणि स्वर किंचित चुकला की ती स्तब्ध राहते. चेलोवर हेच चौथ्या बोटाने घडते, आणि बासवर डी तारेवरच्या ई स्वराला सर्वांत खालची तार साद देते. ज्या मुलाने ही थरथर एकदा स्वतः पाहिली, त्याला सुरात आणि सुराबाहेर यांतील फरक शब्दांत सांगावा लागत नाही. व्हिब्राटोची, म्हणजे डावा हात हलवून स्वर किंचित झुलवण्याची, घाई मुलेच करतात, परंतु डावा अंगठा मानेला आवळून धरणाऱ्या मुलाला तो शिकवला तर हात हलत नाही, केवळ थरथरतो. अंगठा सैल होईपर्यंत मी स्पष्टपणे थांबायला सांगते.

एका वेळी एकच चूक सुधारावी. मुलाचे मनगट, कोपर, हनुवटी आणि सूर चारही बिघडलेले दिसत असतात, आणि चारही सांगितले तर त्यांतले एकही सुधारत नाही. कोणती चूक आधी धरायची याचा माझा निकष असा की जिच्यामुळे बाकीच्या निर्माण झाल्या आहेत ती आधी, आणि ती बहुधा उजव्या अंगठ्यात किंवा खांद्यात सापडते. हात धरून स्थिती दाखवायची असेल, तर आधी मुलाला विचारावे आणि त्याने होकार दिल्यावरच हात लावावा. शक्यतो माझ्याच हाताने दाखवून त्याच्याकडून नक्कल करून घेणे मला अधिक उपयोगी पडले आहे.

आठवड्यातील एक तासिका मी समोर उभी न राहता मागच्या रांगेत, बासच्या शेजारी उभी राहून घेते. पुढून चेहरे आणि वहीचे स्टँड दिसतात. मागून सगळ्यांची उजवी कोपरे एका नजरेत येतात. कोणाचा गज वाकडा जातो, कोण फक्त टोकाजवळ वाजवतो, कोण डाऊन-बोच्या (मुठीकडून टोकाकडे) जागी अप-बो (टोकाकडून मुठीकडे) घेतो, ते तेथूनच कळते, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या मुलाकडे आधी जायचे तेही मी तेथेच वहीत टिपून ठेवते.