वृत्त ओळखताना लघु-गुरू कसे पाडायचे

वृत्त म्हणजे कवितेच्या ओळीतली लघु (छोट्या उच्चाराची) आणि गुरू (लांब उच्चाराची) अक्षरांची ठरलेली मांडणी. वृत्त ओळखा म्हटलं की अर्धी मुलं पाठ केलेली नावं टाकून मोकळी होतात, पण ते खरंच गरजेचं नाहीये, कान आणि पेन्सिल पुरते. ही ओळ घ्या: नदीच्या किनारी उभी चिंब झाडे. आधी मोठ्याने म्हणा, मग एकेक अक्षर सुटं करा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असतील तर लघु, बाकी सगळे गुरू. आता 'चिं' बघा, इकार ऱ्हस्व आहे पण वर अनुस्वार आहे म्हणून गुरू, इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात बरं का.

जोडाक्षराच्या आधीच्या अक्षराचं पण नीट बघा. 'सत्य' म्हणताना स वर आघात येतो म्हणून तो गुरू, पण 'तुझ्या' मधल्या तु वर येत नाही म्हणून तो लघुच. म्हणून तर मोठ्याने म्हणायचं.

मग तीन-तीन अक्षरांचे गट, म्हणजे गण, पाडा. यमाताराजभानसलगा हे सूत्र लक्षात ठेवा, त्यातली पहिली तीन अक्षरं यमाता म्हणजे लघु-गुरू-गुरू, हा य गण. आपल्या ओळीत 12 अक्षरं आणि चारही गट य, म्हणजे वृत्त भुजंगप्रयात!