पाच संगणक, दीड जीबी डेटा: लिनक्सचं अपडेट एकदाच उतरवा

यवतमाळकडचं गाव, उबुंटू या लिनक्सचे पाच संगणक आणि एकाच मोबाईलचं हॉटस्पॉट. पाचही जणांनी तेच 400 एमबीचं अपडेट ओढलं की 2 जीबी होतात. दिवसाचा दीड जीबी दुपारीच उडतो.

उपाय ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’. ‘ॲप्ट’ म्हणजे उबुंटूवर पॅकेजं (सॉफ्टवेअर) उतरवणारं साधन; हा त्याचा सामायिक साठा, एकाने उतरवलेलं ठेवून बाकीच्यांना देणारा. हे पॅकेज एकाच संगणकावर टाकायचं; ते पोर्ट (जोडणीचा क्रमांक) 3142 वर चालतं. बाकी चौघांवर ॲप्टच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये एका ओळीची फाईल करायची: एचटीटीपी प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून पहिल्या संगणकाचा पत्ता आणि 3142. पहिल्यावरही तीच ओळ हवी, पत्ता 127.0.0.1. नेमकी हीच राहून जाते, मग त्याने उतरवलेलं साठ्यात येतच नाही. सगळीकडे उबुंटूची आवृत्ती एकच असेल तरच खरा फायदा.

एखादी रिपॉझिटरी (पॅकेजं ठेवलेला सर्व्हर) 403, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा एरर, देऊ लागली तर तिचा पत्ता बघा. एचटीटीपीएस असेल तर मजकूर कुलूपबंद जातो, साठवता येत नाही. साधा एचटीटीपी मिरर (त्याच पॅकेजांची प्रत ठेवणारा सर्व्हर) लावा. भीती नको, ॲप्ट डिजिटल सही तपासूनच पॅकेज घेतं.

फोन बंद-चालू केला की पहिल्या संगणकाचा आयपी (आकडी पत्ता) बदलू शकतो आणि चौघंही अडतात. म्हणून आकड्यांऐवजी संगणकाचं नाव आणि पुढे डॉट-लोकल लिहा. त्यासाठी अवाही (नावावरून संगणक शोधून देणारी सेवा) चालू हवं.

स्नॅप (उबुंटूची ॲप्टहून वेगळी पॅकेज-पद्धत) मात्र या साठ्याला जुमानत नाही. ते ‘स्नॅप रिफ्रेश’ला ‘होल्ड’ लावून थांबवा. आणि मध्येच लाईन गेली तर ‘ॲप्ट क्लीन’ मारू नका: अर्धवट फायली ‘पार्शल’ फोल्डरमध्ये असतात, डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होतं.