जपानी आणि व्हिएतनामी नववर्षाच्या शुभेच्छा: कधी, कोणाला, कशा

जपानी आणि व्हिएतनामी सहकाऱ्यांना एकच मजकूर एकाच दिवशी पाठवला, तर एकीकडे तरी तो चुकतोच. जपानने १८७३ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हापासून तिथलं नववर्ष १ जानेवारीला. व्हिएतनामचं नववर्ष ‘तेत’ मात्र आपल्या सणांसारखं सरकतं: २०२५ मध्ये २९ जानेवारी, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. ढोबळमानाने, जपानमध्ये तारीख सांभाळायची आणि व्हिएतनाममध्ये नातं.

जपानला ३१ डिसेंबरपर्यंत फक्त ‘योइ ओतोशि ओ’ (येणारं वर्ष चांगलं जावो) म्हणा. वरिष्ठांना पूर्ण वाक्य, ‘योइ ओतोशि ओ ओमुकाए कुदासाइ’. ‘आकेमाशिते ओमेदेतो गोझाइमास’ (नववर्षाच्या शुभेच्छा) रात्री बाराच्या ठोक्यानंतरच. त्याला जोडून ‘कोतोशि मो योरोशिकु ओनेगाइशिमास’, म्हणजे यंदाही लोभ असावा. सरकारी कचेऱ्या २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात, म्हणून कामाची ईमेल ४ तारखेनंतर पाठवलेली बरी.

नेंगाजो, म्हणजे शुभेच्छापत्र, १५ ते २५ डिसेंबरदरम्यान टपालात पडलं की १ जानेवारीला पोचतं. घोळ होतो तो इथे:
- ‘गाशो’, ‘गेइशुन’ ही दोन कांजींची (जपानी चित्राक्षरांची) शीर्षकं वरिष्ठांना तोकडी वाटतात. त्यांना चार कांजींचं ‘किंगा शिन्नेन’ लिहा.
- ‘गानतान’मध्ये (नववर्षाची सकाळ) १ जानेवारी आलाच, त्याआधी ‘१ जानेवारी’ पुन्हा लिहू नका.
- नाव लाल शाईने कधीच नको.
- समोरच्याच्या घरी वर्षभरात कोणी वारलं असेल, तर नेंगाजो पाठवायचंच नाही. अशी घरं बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ‘मोचू’ (सुतक) कार्डाने कळवतात.
- ७ जानेवारी उलटून गेली तर नेंगाजोऐवजी ‘कानचू मिमाइ’ (थंडीतली विचारपूस) पाठवा. तीही ४ फेब्रुवारीच्या सुमारापर्यंतच.

व्हिएतनामीत ‘चुक मुंग नम मोय’ (नववर्षाच्या शुभेच्छा) सगळ्यांना चालतं, पण नुसतं तेवढंच कोरडं लागतं. आपल्याकडे दादा, ताई, काका म्हणतो तशी तिथे वयानुसार हाक लागते: थोड्या मोठ्या पुरुषाला ‘आन्य’, स्त्रीला ‘ची’, आजोबांना ‘ओंग’, आजींना ‘बा’. समोरच्याचं वय आधी विचारून घ्या; तिथे यात काहीच गैर नाही. मग माणूस पाहून शुभेच्छा: वृद्धांना दीर्घायुष्य, व्यापाऱ्याला भरभराट, मुलांना अभ्यास.

पहिल्या दिवशी मात्र आगंतुकपणे कोणाच्या घरी जाऊ नका. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस (‘सोंग डत’) वर्षभराचं भाग्य ठरवतो, म्हणून घरचे त्याची रास (जन्मवर्षाचा प्राणी) पाहून त्याला आधीच बोलावतात. तुमच्या घरी सुतक असेल तर भेटी टाळा. रीतीप्रमाणे पहिला दिवस वडिलांकडचा, दुसरा आईकडचा, तिसरा गुरुजनांचा. सहकाऱ्यांकडे त्यानंतर गेलं तरी चालतं.

पैशांची पाकिटं दोन्हीकडे आहेत आणि कोऱ्या नोटाही दोन्हीकडे. जपानी ‘ओतोशिदामा’ छोट्या पाकिटात, नोट तीन घड्यांची. ४ आणि ९ हे आकडे टाळतात. व्हिएतनामी ‘ली सी’चं पाकीट लाल. मूल आधी शुभेच्छा देतं, मग दोन्ही हातांनी घेतं आणि देणाऱ्यासमोर उघडत नाही. कमावती मुलं आईवडिलांनाही देतात.

राशीचं चित्र टाकणार असाल तर जपून. २०२३ जपानमध्ये सशाचं, व्हिएतनाममध्ये मांजराचं होतं. २०२६ दोन्हीकडे घोड्याचं, पण जपानी घोडा १ जानेवारीलाच येतो. व्हिएतनाममध्ये १६ फेब्रुवारीपर्यंत सापच.