चर माथ्यावर, पाणी पायथ्याला: पाणलोटाच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पाणलोटाच्या, म्हणजे डोंगरउतारावर पडणारं पावसाचं पाणी अडवून जिरवण्याच्या, कामाची जाहिरात निघते तेव्हा पात्रतेच्या रकान्यात ठरलेल्या गोष्टी असतात: कृषी अभियांत्रिकी किंवा समाजकार्याची पदवी, स्वतःची दुचाकी, ग्रामीण भागात राहण्याची तयारी. भांडणात शांतपणे बसून राहता येतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर पहिल्याच महिन्यात त्याचीच गरज पडते.

मी मुळा नदीच्या खोऱ्यात काम करते. संगमनेरचं पठार आणि पुढे पारनेरकडचा भाग. मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने येते. तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस धो-धो, आणि तीच नदी पूर्वेला पठारावर आली की पाऊस जेमतेम, तोही लहरी. कृषी अभियांत्रिकी शिकून आल्यामुळे उतार, अपधाव (न जिरता वाहून जाणारं पाणी), बांधाचा काटछेद हे सगळं पाठ होतं. ते उपयोगी पडतंच. पण नव्या मुलामुलींना मी आधी दुसरीच गोष्ट सांगते.

आपल्या क्षेत्रातलं पहिलं सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर, मग ओघळींवर दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावरचे माती नाला बांध, सिमेंट बंधारे. माथ्याचं काम सोडून खाली बंधारा बांधला की दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. तांत्रिकदृष्ट्या यात वाद नाही. पण माथ्यावर कोण असतं? गायरान, वनखात्याची जमीन, ठाकरवाडी, मेंढपाळांची कुटुंबं, मुरमाड रानावर बाजरी-मटकी काढणारे. पायथ्याला काळी जमीन, विहिरी, कांदा, डाळिंब. चर माथ्यावर खणले जातात, चराई माथ्यावर बंद होते आणि पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीला चढतं. वरच्याने सोसायचं आणि खालच्याने भिजवायचं, हा हिशेब मिटवण्यासाठीच भागीदारी लागते. चर खणायला काय, मजूर मिळाले तरी पुरतं.

चराईबंदीच्या ठरावाच्या ग्रामसभा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. एकीत मारुतीच्या पारावर आमचा नकाशा पसरला होता, रंगीत, छान. सरपंचांनी प्रस्तावना केली, कृषी सहाय्यकांनी फायदे सांगितले. मागे उभा असलेला एक मेंढपाळ आजोबा म्हणाला, “ताई, रान बंद करा, आमचं काय म्हणणं नाही. पण आमची शेरडं काय ह्या कागदावर चारायची का?” हशा पिकला, आणि सभा तिथेच संपली. त्यानंतरचं सगळं काम पारावर झालंच नाही, वाडीवर झालं. सगळा डोंगर एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्याने बंद करायचा, बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क जनावरं असलेल्या पण जमीन नसलेल्या घरांचा, पाणवठ्याकडे जायची वाट उघडी ठेवायची. वनरक्षक आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे लोक त्या बसण्याला हजर होते म्हणून ते टिकलं, नाहीतर ठराव पंचायतीचा आणि जमीन वनखात्याची, असा घोळ झाला असता. मग ग्रामसभेत ठराव वाचून दाखवायला जेमतेम दहा मिनिटं लागली.

हा प्रश्न आपल्याआधीही लोकांनी सोडवला आहे, आणि त्याची उत्तरं नवख्याने तोंडपाठ करावीत. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर वाटलं जात नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, ऊस-केळीला नाही म्हटलं, आणि पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बी ठरवायची पद्धत पाडली. लोक हिवरे बाजारला जाऊन चर आणि झाडांचे फोटो काढून येतात. बघायचा असतो तो ताळेबंदाचा फळा.

तिसरं उदाहरण आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला जवळचं. फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून 1992च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची, काम गावाच्या पाणलोट समितीचं आणि सोबत एखादी संस्था. आधी गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून दाखवायची, लहान क्षेत्रावर हात बसवायचा, मगच मोठा निधी. शिवाय नेट प्लॅनिंग: प्रत्येक गट नंबरवर त्या शेतकऱ्यासोबत उभं राहून, काय करायचं ते त्याच्याशी बोलून लिहायचं. हे फार हळू चालतं. एकाच शेताच्या बांधावर दोन भावांची सकाळ जाते. तरी मी सांगेन की नवख्याने पहिलं वर्ष हेच करावं. शेतात नवरा-बायको दोघं असतील तेव्हा जायचं, कारण ओघळ नेमकी कुठून फुटते हे बरेचदा खुरपणाऱ्या बाईला ठाऊक असतं आणि सात-बारावर नाव दुसऱ्याचं असतं.

भागीदारांबद्दल थोडं रोखठोक. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीला मार्चअखेर खर्च आणि बंधाऱ्यावर नावाची पाटी हवी असते. सरकारी खात्याला उद्दिष्टाचे हेक्टर हवे असतात. रोजगार हमीत मस्टर (मजुरांचा हजेरीपट), मोजमाप पुस्तक आणि मजुरी-साहित्याचं 60:40 प्रमाण सांभाळावं लागतं. सरपंचाला निवडणूक दिसते. गावाला मृगाच्या आधी काम उरकलेलं हवं. ही सगळी घड्याळं जुळवणारा माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून कुणालाही कमी लेखू नका. ग्रामरोजगार सेवक आणि तलाठी यांच्याशी नीट बोलणं ठेवलंत तर जे आठवड्यात होतं, ते अधिकाऱ्याच्या पत्राने महिना-महिना होत नाही. अलीकडे नदीच्या नावानेही लोक एकत्र येऊ लागलेत. राज्य सरकारचं ‘चला जाणूया नदीला’ अभियान 2022च्या गांधी जयंतीला सेवाग्रामहून सुरू झालं, त्यात नदीकाठाने चालत संवाद करायची कल्पना होती. तुमच्या भागात अशी यात्रा निघाली तर जरूर जा. वरची आणि खालची गावं एरवी एका सतरंजीवर बसत नाहीत.

आता हातातली कौशल्यं. जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) येत असेल तर छान, पण समपातळी शोधायचा हायड्रोमार्कर आधी शिका. दोन उभ्या मोजपट्ट्या, मध्ये पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला थांबलं की त्या दोन जागा समपातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. नळीत बुडबुडा राहिला की आकडा खोटं बोलतो, म्हणून दर थोड्या वेळाने नळी झटकून बघायची. सलग समतल चर साधारण 60 सेंमी रुंद आणि 30 ते 45 सेंमी खोल. तो समपातळीत नसेल तर सगळं पाणी एका टोकाला जमून भराव फोडतं, आणि मग चराचीच ओघळ होते. आखणी गावातल्या पोरींना-पोरांना शिकवा. आमच्याकडे दहावी झालेल्या मुली माझ्यापेक्षा चटचट आखतात.

एक गणित सतत डोक्यात असू द्या: एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 1,000 हेक्टरच्या पाणलोटावर 450 मिमी पडला तर 45 लाख घनमीटर. सरकारी भाषेत 4,500 टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर. त्यातलं बाष्प किती, वाहून किती, जिरलं किती हा पुढचा भाग. पण हा आकडा पारावर बोललात की लोक कान देतात, कारण ‘आमच्याकडे पाऊसच नाही’ हे वाक्य मग तितकं सोपं राहत नाही.

दुसरं शिकायचं ते खडक. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टचा. पाणी साठतं ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत, थोडंसंच. जितकं जिरवलं त्याहून जास्त उपसलं की संपलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर शोधून काढा आणि त्याच महिन्यांत गावातल्या आणखी काही विहिरी मुलांकडून मोजून घ्या. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. बोअरची गाडी गावात रात्री येते तेव्हा कायदा झोपलेला असतो, हे वेगळं. जेसीबी लावून नाला खोल आणि रुंद करायच्या कामाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पाणी दिसतं, फोटो येतो. पण वरचा डोंगर उघडा असेल तर गाळ त्याच खड्ड्यात येतो, आणि खणताना खालचा खडक फुटला तर शेजारच्या विहिरीचं पाणी तिकडे ओढलं जातं.

शिक्षणाचं म्हणाल तर वाट एकच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मृद व जलसंधारण शिकलेले येतात, भूशास्त्राचे येतात, तुळजापूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारात ग्रामीण विकास शिकलेलेही येतात. छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) प्रशिक्षणासाठी चांगली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीच्या प्रशिक्षण केंद्रात तर पाणलोटात बसूनच पाणलोट शिकता येतो. संस्थेतल्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी, पगार बेताचा, प्रकल्प संपला की नवं शोधायचं. मुलींसाठी एक: बैठका रात्री जेवणं झाल्यावर होतात. परतीची सोय किंवा गावात मुक्कामाचं घर आधीच ठरवून घ्या, आणि ते संस्थेकडून लेखी मागायला लाजू नका.

मुलाखतीत तुम्हालाही विचारता येतं, तेव्हा हे विचारा. प्रकल्प किती वर्षांचा आहे? माथ्यावरच्या वाडीतली किती माणसं पाणलोट समितीत आहेत? देखभाल निधी कुणाच्या नावावर, आणि सह्या कुणाच्या? खालच्या विहिरींना पाणी वाढलं तर त्यातलं वर काय जाणार, हे गावाशी बोलून झालंय का? शेवटच्या प्रश्नाला समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर पगार चांगला असला तरी घाई करू नका.