गिअरलेस गाडी नुसती रेस होते, ओढत नाही? नवीन बेल्ट टाकायच्या आधी हे बघा

आपल्या सातारा भागात गिअरलेस गाडी म्हणजे फक्त कॉलेजला न्यायची गाडी नाही, दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, बाजाराच्या पिशव्या, वरनं डबलशीट, आणि एवढं घेऊन यवतेश्वरचा घाट नाहीतर सज्जनगडाचा चढ. त्यामुळं बेल्ट आणि क्लच लवकर झिजणार हे धरूनच चालायचं. पण बऱ्याचदा होतं काय, गाडी ओढेना झाली की बेल्ट गेलाय म्हणून नवीन टाकतात आणि थोड्या महिन्यात परत तेच रडगाणं. बेल्ट का गेला हे बघितल्याशिवाय नवीन टाकू नका, माझं सांगणं एवढंच आहे.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. पुढं इंजिनच्या शाफ्टवर वेरिएटर असतो, त्यात रोलर असतात, रेस वाढली की रोलर बाहेर सरकतात, पुली दाबली जाते आणि पुढची-मागची पुली जोडणारा बेल्ट पुढं वर चढतो, मागं खाली उतरतो. हेच तुमचे गिअर. मागच्या पुलीला क्लच शू, ते रेस दिल्यावर फाकतात आणि बाहेरच्या बेलला, म्हणजे वाटीसारख्या ड्रमला, धरतात, मग चाक फिरतं.

आता लक्षणं. इंजिन चालू आहे, रेस होतेय पण गाडी जागची हलत नाही आणि त्याआधी फट्ट असा आवाज आला होता, तर बेल्ट तुटला, तिथं डोकं लावायला नको, पण कव्हर उघडल्यावर बेल्टचे सगळे धागे आणि तुकडे वेचून काढा. गाडी चालते पण टॉप स्पीड कमी झालाय, तर बेल्ट रुंदीला झिजलाय किंवा रोलर एका बाजूनं चपटे झालेत. सुटताना थरथरते, मग नीट चालते, तर क्लच शू नाहीतर बेल. आयडलला, म्हणजे रेस न देता, गाडी स्वतःच पुढं सरकते, तर आधी आयडल जास्त ठेवलाय का आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडा प्ले, म्हणजे ढील, आहे का ते बघा, दोन्ही ठीक असेल तरच क्लचच्या छोट्या स्प्रिंगांवर संशय घ्या. चढाला जळका वास आला तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय.

उघडताना गाडी मेन स्टँडवर, चावी काढलेली, इंजिन थंड. डावीकडची किक काढा, कव्हरचे बोल्ट काढा, बोल्ट लांबीला वेगवेगळे असू शकतात म्हणून पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचून ठेवा. क्लचची धूळ कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची सवय सगळीकडं आहे, ती कृपा करून सोडा, ती धूळ छातीत जाते. तोंडाला मास्क बांधा आणि ओल्या फडक्यानं पुसा.

मग सगळ्यात महत्त्वाचं, ऑइल कुठं दिसतंय का. पुढच्या पुलीमागं ओलं असेल तर क्रँकचं (इंजिनच्या शाफ्टचं) ऑइल सील गेलंय, मागं असेल तर गिअरबॉक्सचं. सील तसंच ठेवून बेल्ट टाकला तर पैसे पाण्यात. पुलीच्या आतल्या तोंडावरनं नख फिरवा, पायरी लागली तर पुली खाल्लीय, ती नवीन बेल्टलाही खाणार. बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा बघा, रुंदी मोजून गाडीच्या मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडा. रोलर बदलायचे तर पूर्ण सेट, एखादा बदलून चालत नाही. क्लच शू चकचकीत गुळगुळीत झाले असतील पण त्यांच्यावरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, शिल्लक असेल तर पॉलिश पेपरनं हलकं घासून घ्या. बेल निळसर पडली असेल तर ती खूप तापलीय, म्हणजे चालवायची पद्धत बघायला पाहिजे. कास पठाराच्या सीझनला घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे खूप दिसतात, त्यात क्लच जळतो. सरळ ब्रेक धरा, पुढची गाडी हलली की मग रेस द्या.

बसवताना एक गोष्ट चुकली तर मोठा खर्च. मागची पुली हातानं फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबा म्हणजे पुढं बेल्ट सैल पडेल, मग पुढची पुली बसवून नट आवळा. बेल्ट ताठ असताना नट आवळला तर तो पुलीच्या दोन तोंडांमधे चिमटतो, नट घट्ट वाटतो पण नसतो, पुढं गाडी चालली की सैल होतो आणि शाफ्टचे आटे नाहीतर खाचा जातात. पुली धरायला तिच्यावरच्या पंख्याच्या पात्यात स्क्रूड्रायव्हर अजिबात घालू नका, पातं मोडतं. पुली धरायचा होल्डर वापरा, शेवटी टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. बेल्टवर बाण असेल तर फिरण्याच्या दिशेला. बेल्टला आणि पुलीच्या तोंडाला ग्रीसचा हात लागू देऊ नका.

टॉप स्पीडचं कारण कळत नसेल तर एक सोपी ट्रिक आहे, पुढच्या पुलीच्या तोंडावर मधून कडेपर्यंत मार्करनं रेघ ओढा, कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर नियमात बसेल तेवढी पळवून आणा, परत उघडा. रेघ जिथपर्यंत पुसली तिथपर्यंत बेल्ट चढतोय. बराच अलीकडं थांबला असेल तर बेल्ट किंवा रोलर बघा.

आणि सांगलीकरांसाठी, 2019 सारखा कृष्णेचा पूर आला आणि गाडी बुडाली तर स्टार्टर मारू नका. बेल्टचं कव्हर उघडून सगळं धुवून पूर्ण वाळवा, आणि गिअर ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, ते बदलून थोडं चालवून परत एकदा बदला. इंजिन ऑइल आणि एअर फिल्टरचं मिस्त्रीकडून बघून घेतल्यावरच गाडी चालू करा.