टाचेमागची शीर धरायची, ती अशी सुटली (माझा अनुभव)

पन्नाशीनंतर पळणं सुरू ठेवलेल्यांना हे माहीत असेल, सकाळी उठलं की पहिली काही पावलं लंगडत टाकायची, मग जरा गरम झालं की बरं वाटतं. माझं दुखणं अकिलीस टेंडनचं (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड पट्टी) निघालं, टाचेच्या थोडं वर, चिमटीत धरलं की जाड गाठीसारखं लागायचं.

नुसत्या आरामाने काय होतं, दुखणं कमी होतं पण टेंडन अजून कमजोर होतो, आणि परत पळायला गेलं की परत तेच. मला फिजिओने हील ड्रॉप दिले. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दोन्ही पायांवर वर जायचं आणि खाली येताना सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन एकदम सावकाश टाच पायरीच्या खाली न्यायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ सेट वाकवून (वाकवला की पोटरीच्या आतल्या सोलिअस स्नायूवर जोर येतो), दिवसातून दोनदा. ही पद्धत स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांची, १९९८ ची, १२ आठवड्यांची. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण सकाळी जास्त ताठरलं असेल तर त्या दिवशी सेट कमी.

दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटूनच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा, नाहीतर तिथे दाब वाढतो. आणि अचानक कट्‌कन आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता येईना तर व्यायाम वगैरे नाही, सरळ डॉक्टर.

आता पळतो, पण एकाआड एक दिवस, आणि हील ड्रॉप अजून चालूच आहेत, कंटाळा येतो तरी.