कूस बदलली की खोली फिरायची

उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरायची. अर्ध्याएक मिनिटात थांबायची, पण तेवढ्यात पोटात ढवळून यायचं. नुसतं बसलं तर काही नाही. मान वर करून फळीवरचा डबा काढायला गेलं की पुन्हा तेच. पित्त असेल, अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणत होते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी माझी मान उजवीकडे वळवून मला झटकन आडवं केलं आणि डोळे उघडे ठेवायला सांगितले. बुबुळं झटके देत फिरली. त्यावरून दोष उजव्या कानात आहे हे ठरलं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, तोल सांभाळायला ते लागतातच. पण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं थांबल्यावरही तिथला द्रव हलत राहतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. केवढी नाजूक रचना!

उपाय म्हणजे अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली कृती. मान ४५ अंश उजवीकडे, तशीच पाठीवर निजून डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित सोडायचं आणि गरगर थांबेपर्यंत तसंच राहायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी सावकाश उठून बसायचं. कण घरंगळत नलिकेबाहेर पडतात. माझी चक्कर गेली.

कोणता कान हे मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. चक्करेसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं किंवा हात लुळा वाटला, तर थेट रुग्णालय गाठा.